जांभळाच्या भरवशावर

मी बसवर कंडक्टर आहे, दौंड डेपोला. अठरा वर्षं झाली नोकरीला. एका जागी बसून काही करायची सवयच राहिलेली नाही. हे लिहायला बसले तेव्हापासून दोनदा उठून झालंय, एकदा भांडी लावायला आणि एकदा उगाचच.

लिहायला मला आमच्या डॉक्टर मॅडमनी लावलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारख्या बायका रोज येतात. माझं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन दुसरंच करतात. तुमचं ऐकतील कदाचित." म्हणून लिहिते. यात औषधांची नावं नाहीत. माझं काय झालं तेवढंच आहे. आणि मी काय खोटं बोलले तेही आहे, कारण माझा आजार साखरेनं जेवढा वाढला तेवढाच त्या खोट्यानं वाढला.

तहान

आमची गाडी दौंडहून निघते, पाटस, वरवंड, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा करत शिरूरला जाते आणि तशीच परत येते. दिवसातून दोनदा. बाई कंडक्टर नोकरीला लागली की पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकते, ती म्हणजे वाटेत लघवीला कुठं जाता येतं. आमच्या वाटेवर अशा दोन जागा. त्यातल्या एकीला बहुतेक वेळा कुलूप असतं. मग आपण पाणीच पीत नाही. सकाळी घरून निघताना दोन घोट, दुपारी डब्याबरोबर थोडं. सगळ्याजणी असंच करतात. याला आम्ही कधी त्रास म्हटलंच नाही.

मागच्या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच मला तहान लागायला लागली. साधी तहान नव्हती ती. तोंडात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. एक बाटली पाणी प्यायचं की पाटस यायच्या आधी पोट तट्ट. गाडी थांबेपर्यंत दांडी घट्ट धरून उभं राहायचं आणि कुणाशी बोलायचं नाही. तिकिटाच्या मशीनवरचे आकडेही पुसट दिसायला लागले. वरवंडला एका म्हाताऱ्या बाबांनी न्हावऱ्याचं तिकीट मागितलं, मी शिरूरचं दिलं. "बाई, मला एवढ्या लांब कशाला धाडताय?" असं ते म्हणाले आणि सगळी गाडी हसली. मीही हसले. 

आमचे ड्रायव्हर दत्तूमामा. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. ते आरशातून सगळं बघतात. एक दिवस शिरूर स्टँडवर म्हणाले, "वाघमारे बाई, तुम्ही लई वाळलाय. गळ्याची हाडं दिसाय लागली. दाखवा कुणाला तरी."

"डाएट चालू आहे मामा," मी म्हटलं.

"डाएट करणारं माणूस चहात दोन चमचे साखर घालत न्हाई," मामा म्हणाले.

रिपोर्टचा दिवस

डॉक्टरांकडे मी एकटीच गेले. घरी सांगितलं की डेपोत काम आहे. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट घेतला. साखर दोनशे ऐंशीच्या घरात, तीही उपाशीपोटीची. तीन महिन्यांची सरासरीही बिघडलेली. रक्तातली चरबी वाढलेली, लिव्हरवर सूज. मॅडम शांतपणे एकेक ओळ सांगत होत्या आणि मला फक्त आईचा पाय दिसत होता.

आईला साखर होती. पायाचा अंगठा काळा पडला, काढावा लागला. नंतर ती घराबाहेर पडायचीच नाही, चप्पल घालताना लोक बघतात म्हणून. तेव्हा मी तिच्यावर चिडायचे. म्हणायचे, "आई, गोडाला हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?" त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू आलं.

आणि मग मी काय केलं? समोर रसवंती होती. उसाचा रस प्यायले, मोठा ग्लास, बर्फ घालून. शेवटचा म्हणून. कुणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं. 

घरी सांगायला दोन दिवस लागले. ह्यांची कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्ट असते. सेकंड शिफ्टहून आले की माणूस बोलायच्या स्थितीत नसतो. मुलगी प्रज्ञा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं माझ्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी बघितली, मोबाइलवर नाव टाकलं आणि मी सांगायच्या आधी तिनंच सगळं ओळखलं. रडली नाही. "आई, मी तक्ता करते. रोज खूण करायची," एवढंच म्हणाली. फ्रिजवर कागद चिकटवला. सकाळ, संध्याकाळ असे रकाने.

गोळी

गोळी सुरू केली आणि चौथ्या दिवशी पोट बिघडलं. हे फार कुणी उघड सांगत नाही, म्हणून मी सांगते. काहीजणांना सुरुवातीला तसं होतं आणि त्यावर उपाय असतो. मला ते माहीत नव्हतं. घरी असते तर निभावलं असतं. पण मी गाडीत होते. पारगाव सोडलं होतं, न्हावरा लांब होतं. पोटात कळ आली आणि पुढची दहा मिनिटं मी डोळे मिटून मागच्या सीटला धरून उभी होते. शेवटी दत्तूमामांना हाक मारली. त्यांनी काही न विचारता गाडी बाजूला घेतली. मी उसाच्या फडामागं गेले.

परत आले तेव्हा भरलेली गाडी माझ्याकडे बघत होती. कॉलेजच्या दोन पोरी खिडकीबाहेर तोंड करून हसू दाबत होत्या. कुणी काही बोललं नाही. कुणीतरी बोललं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी मी घेतली नाही. हातात घेतली, प्रज्ञासमोर तोंडात टाकल्यासारखं केलं आणि गणवेशाच्या खिशात सोडली. पोट दिवसभर शांत राहिलं. संध्याकाळी फ्रिजवरच्या कागदावर मी दोन खुणा केल्या. सुट्टीच्या दिवशी घेईन, असं स्वतःला सांगितलं. सुट्टीच्या दिवशीही घेतली नाही. गोळ्या एका डब्यात साठत गेल्या आणि खुणा कागदावर.

दादा

माझा मोठा भाऊ सुभाषदादा न्हावऱ्याजवळ राहतो. शेती थोडी, पण बांधावर जांभळाची चार मोठी झाडं आहेत. कमलवहिनी आणि तिच्या बचत गटातल्या बाया जांभळाचं सरबत करतात, बिया वाळवून पावडर करतात. दादाला माझी साखर कळली तेव्हा तो न्हावऱ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभा राहिला. हातात पिशवी, पिशवीत तीन बाटल्या आणि पावडरीचा डबा.

"वंदे, ह्ये घे," तो खिडकीतून म्हणाला. "जांभळाचं हाय. साखरंवर लई गुण येतो म्हणत्यात. आईच्या येळंला आपल्याला काय ठावंच नव्हतं. पर डाक्टरची गोळी चालू ठिव हां. चालू हाय ना?"

"चालू हाय दादा," मी म्हटलं.

गाडी सुटायची घाई होती, मागं माणसं चढत होती. एवढंच बोलणं झालं. पण दादानं गोळी सोड असं कधीही सांगितलं नाही. हे मी इथं स्पष्ट लिहिते, कारण त्याचं ते वाक्य लक्षात घेतलं तर पुढं त्याच्यावर जे आलं ते यायला नको होतं.

सकाळी कोमट पाण्यातून पावडर आणि दिवसातून दोन ग्लास सरबत, असा माझा नेम सुरू झाला. सरबत गोड होतं. मला वाटलं, फळच गोड आहे. पोट बिघडत नव्हतं. गोळी घेताना मी आजारी बाई व्हायचे. जांभूळ पिताना मी आपल्या बांधावरचं काहीतरी खाणारी बाई असायचे. हा फरक मोठा होता. जांभळाचा हंगाम आला तेव्हा स्टँडवर द्रोणात मिळणारी ताजी जांभळंही खायला लागले. जीभ जांभळी करून तिकिटं फाडायचे. बुद्धविहारात रविवारी भेटणाऱ्या बायकांनाही छातीठोकपणे सांगितलं, "मी तर जांभळावरच आहे." त्यातल्या दोघींनी दादाच्या बाटल्या मागवल्या. त्यांचं पुढं काय झालं हे विचारायला नंतर मला बरेच दिवस तोंड नव्हतं.

साखर तपासली का? नाही. आकडा बघायचाच नव्हता मला. बरं वाटतंय, असं रोज सकाळी ठरवायचं आणि निघायचं. पण शांत असं कधी वाटायचं नाही. जागा बदलत राहायचे. घरात या खोलीतून त्या खोलीत, डेपोत या बाकावरून त्या बाकावर. ह्यांनी एकदा विचारलं, "वंदना, तुझं काही हरवलंय का?"

थंडी

पावसाळ्यातली गोष्ट. शिरूरहून परतीची गाडी. आठवडाभर लघवीला जळजळ होती. ती मी अंगावर काढली होती. त्या दिवशी न्हावरा सोडलं आणि पाठीत उजव्या बाजूला कुणी बुक्की मारल्यासारखं दुखायला लागलं. केडगावपर्यंत दात वाजायला लागले. बाहेर उकडत होतं, लोक वारा घेत होते आणि मी थंडीनं कुडकुडत होते. मशीन हातातून खाली पडलं.

वरवंडला उतरणारी एक बाई होती. मी तिला ओळखत नव्हते, आजही नाव माहीत नाही. तिनं आपली शाल माझ्या अंगावर टाकली आणि वरवंड आलं तरी उतरली नाही. "दौंडापतुर येते म्या," दत्तूमामांना म्हणाली, "ह्यांना येकटं कसं सोडायचं?" मामांनी डेपोत फोन लावला, ह्यांना लावला. दौंडला पोचलो तेव्हा रिक्षा उभी होती.

दवाखान्यात रक्त घेतलं, लघवी घेतली. साखर चारशेच्या वर. मॅडमच्या चेहऱ्यावर नेहमीचा शांतपणा नव्हता. "इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. आजच दाखल व्हायचं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "गोळ्या घेताय ना रोज?"

ह्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. अंगात कंपनीचा गणवेश तसाच, त्याला केमिकलचा वास. शिफ्ट अर्धवट टाकून आले होते.

"घेते," मी म्हटलं.

वॉर्ड

आठ दिवस होते. पहिल्या दोन दिवसांचं नीट आठवत नाही. सलाइन, ताप, घाम, परत थंडी. भीती एकच होती, किडनी. प्रत्येक वेळी लघवी मापाच्या भांड्यात करायची आणि सिस्टर ती उचलून प्रकाशात बघायची. तिच्या चेहऱ्याकडे मी निकाल लागल्यासारखी बघत राहायचे. दिवसातून पाच-सहा वेळा बोटाला टोचायचे. बोटांची टोकं बधिर झाली, मग मी सिस्टरला सांगायला लागले, "आज करंगळी, तिला सुट्टी मिळाली होती."

बाजूच्या खाटेवर कासुर्डीच्या एक आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्यांना झोपून कंटाळा यायचा आणि मला झोपवायचं नाही. मी सलाइनचा दांडा ढकलत येरझाऱ्या घालायचे. त्या म्हणायच्या, "अगं, बस की घटकाभर. तुला बघूनच माजं पाय दुखत्यात."

एक सुख होतं. संडास खाटेपासून दहा पावलांवर होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या दिवशी मला हवं तेव्हा जाता येत होतं आणि हवं तेवढं पाणी पिता येत होतं. तिसऱ्या दिवशी हे लक्षात आलं तेव्हा मी आतमध्ये दार लावून हसले. मग तिथंच रडले.

चौथ्या दिवशी मॅडम प्रज्ञाला म्हणाल्या, "आई घरी जे जे घेते ते सगळं मला आणून दाखव. औषध, काढा, पावडर, काहीही." प्रज्ञानं बाटली आणि पावडरीचा डबा आणला. मॅडमनी बाटली आडवी केली. सरबत काचेला चिकटून सावकाश खाली आलं. "यात साखर किती?" त्यांनी विचारलं. बाटलीवर जांभळाचं चित्र होतं, बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

प्रज्ञानं तिथंच मामीला फोन लावला, स्पीकरवर.

"मामी, सरबतात साखर किती घालता?"

"जेवढी जांभळं तेवढी साखर," वहिनी म्हणाली. "न्हाईतर टिकंल कसं? का गं? आईला गुण आला का?"

 प्रज्ञानं फोन बंद केला. औषध म्हणून मी दिवसाला दोन ग्लास साखरेचा पाक पीत होते. मॅडम रागावल्या नाहीत. "यात तुमच्या वहिनीचा दोष नाही, सरबत असंच करतात. औषध म्हणून कुणी पीत नाही," एवढं म्हणून पुढच्या खाटेकडे गेल्या.

पण ह्यांनी संध्याकाळी दादाला फोन केला. मी समोर होते. हे आवाज चढवणारे नाहीत, पण त्या दिवशी चढला. "दादा, तुमच्या बाटलीनं माझी बायको मरणाच्या दारात नेली. बहिणीला पाजायच्या आधी एकदा कुणाला विचारायचं तरी!" पलीकडून दादा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.  रोज डबा घेऊन येणारा दादा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मी गप्प राहिले. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हटलं असतं तर सगळं माझ्यावर आलं असतं आणि मी आजारी होते, मला सगळे जपत होते, ते मला हवं होतं. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

खरं

सहाव्या दिवशी ताप उतरला होता. मॅडम फाइल बघत होत्या, हे डबा उघडत होते. मॅडम म्हणाल्या, "सरबत होतंच. पण एवढे महिने गोळी चालू असून साखर इतकी वाढली, म्हणजे ही गोळी तुम्हाला पुरत नाही. पुढचं औषध त्या हिशोबानं वाढवावं लागेल. इन्सुलिनही बहुतेक कायमचं."

तेव्हा मला कळलं की माझं खोटं आता फाइलमध्ये उतरलंय. त्याच्यावर माझं औषध ठरणार होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "मी गोळ्या घेतच नव्हते. चार दिवस घेतल्या फक्त."

हे डब्याचं झाकण हातात धरून उभे राहिले. मग मी उसाच्या फडापासून सगळं सांगितलं. खिशातल्या गोळ्या, कागदावरच्या खुणा, सगळं. आजी खाटेवर कूस बदलता येत नसतानाही ऐकू येईल अशी मान वळवून ऐकत होत्या.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पोट बिघडलं तर मला सांगायचं ना, वंदनाताई. डोस कमी करून हळूहळू वाढवता येतो. हळू विरघळणारी गोळी असते. जेवणाबरोबर घ्यायची. एवढंच होतं ते."

एवढंच होतं ते. हे शब्द मला अजून टोचतात.

ह्यांनी झाकण खाली ठेवलं. मग विचारलं, "दादानं सांगितलं होतं गोळी सोडायला?"

"नाही. त्यानं चालू ठेव म्हटलं होतं. मी हो म्हटलं."

"मग मी त्यांना काय बोलून बसलो गं," असं म्हणून हे बाहेर गेले. खालच्या बाकावर दोन तास बसून होते, खिडकीतून दिसत होतं. वर आले. मला पोळी मोडून दिली, भाजी पुढं सरकवली, पण बोलले नाहीत. प्रज्ञाला कळलं तेव्हा तिनं घरी जाऊन फ्रिजवरचा कागद फाडला. त्या खुणा करणारी तिची आई तिला खोटी निघाली, याचं तिला जास्त लागलं. ते भरून यायला इन्फेक्शनपेक्षा जास्त दिवस लागले.

फळ आणि गोळी

घरी जायच्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "म्हणजे जांभूळ बंद?"

"बंद कशाला? सरबत बंद. फळ खा की," त्या म्हणाल्या. "जांभूळ, करवंद, तुती, स्ट्रॉबेरी, अशा गडद रंगाच्या लहान फळांत चोथा असतो, साखर आंबा-चिकूपेक्षा बेतानं असते. त्यांचा साखरेवर, चरबीवर थोडाफार चांगला परिणाम होतो असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत फारसं दिसत नाही. थोडाफार म्हणजे थोडाफारच. गोळीच्या जागी नाही, बिस्किटाच्या जागी खा. आणि पावडर घ्यायची असेल तर मला विचारून, कारण गोळीबरोबर साखर फार खाली जायला नको."

बिस्किटाच्या जागी. हे मला समजलं. कारण प्रत्येक स्टँडवर चहा आणि चार बिस्किटं, असं दिवसाला किती होतं ते मी कधी मोजलंच नव्हतं.

आता माझ्या पर्समध्ये झाकणाचा डबा असतो. हंगामात जे मिळेल ते त्यात मूठभर. जांभूळ, नाही तर करवंदं, थंडीत बोरं, कधी स्ट्रॉबेरी. घरी साखर तपासायचं मशीन घेतलंय. सुरुवातीला मी वेड्यासारखी तपासायचे. द्राक्षं खाऊन दोन तासांनी, बोरं खाऊन दोन तासांनी. द्राक्षंसुद्धा लहान गोल फळच, असं समजून एकदा वाडगाभर खाल्ली आणि आकडा बघून घाबरले. मूठभर बोरांनी तेवढा चढला नाही. पण हे माझं शरीर आहे. तुमचं तुम्ही बघा, आणि डॉक्टरांना विचारून बघा.

इन्सुलिन दोन महिन्यांनी सुटलं. गोळी चालू आहे, नव्या प्रकारची. पोट ठीक आहे. तीन महिन्यांची सरासरी उतरली, चरबी उतरली, लिव्हरची सूज कमी झाली. यातलं किती गोळीनं, किती चालण्यानं, किती चहा-बिस्किट सुटल्यानं आणि किती फळांनी, ते मला सांगता येत नाही. मॅडमनाही येत नाही. सांगता येतं असं म्हणणारी माणसं मला खूप भेटतात. मी त्यांना आता विचारते, तुमची शेवटची तपासणी कधी झाली?

विहारातल्या त्या दोघींकडेही गेले. त्यांना सगळं सांगितलं. एकीनं गोळी सोडलेली नव्हती. दुसरीनं सोडली होती. ती माझ्यासमोर उठली, आतून पट्टी आणली आणि पाण्याबरोबर गिळली.

न्हावरा

दादाकडे जायला मला चार महिने लागले. फोन केला की वहिनी उचलायची. "रानात गेल्यात," म्हणायची. थंडी पडली होती तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी हे स्वतःच म्हणाले, "चल, आज जाऊन येऊ. मलाही बोलायचंय."

दादा अंगणात बाजेवर होता. आम्हाला बघून उठला, "जय भीम" म्हणाला आणि खाली बघत राहिला. ह्यांनी बसायच्या आधीच सांगितलं, "दादा, मी तुम्हाला बोललो ते चुकलं माझं. गोळ्या हिनं स्वतः सोडल्या होत्या. तुम्ही तर घे म्हणत होता."

"ठावं हाय मला," दादा म्हणाला. "प्रज्ञानं सांगितलं फोनवर. लई दिस झालं."

"मग आला का नाहीस?" मी विचारलं.

"त्या बाटल्या माज्याच हातानं दिल्या ना तुला. आता कुणाला म्हंजी कुणाला देत न्हाई म्या." मग थोड्या वेळानं, "तुला बघायचं भ्या वाटायचं, वंदे. आईगत दिसशील असं वाटायचं."

वहिनीनं चहा आणला, माझा बिनसाखरेचा. सरबत आता मागणी असेल तरच करतात आणि बाटलीवर साखर असल्याचं लिहितात, असं ती सांगत होती. मी ऐकत होते, पण माझं लक्ष दादाकडं होतं. चहाच्या आधी तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला होता. चहा झाल्यावर परत तांब्या भरला. मग उठून गोठ्यामागं गेला, आला, बसला, परत गेला. पँट कमरेला दोरीनं बांधलेली होती. गळ्याची हाडं वर आली होती.

 हे मी ओळखत होते.

"दादा, तू साखर तपासलीस कधी?"

"मला काय झालंय?" तो हसला. "म्या तर रोज जांभूळ पितो."

वहिनी चहाचे कप उचलता उचलता थांबली. "सहा म्हैनं झालं, रातचं चार-पाचदा उठत्यात. म्या म्हनलं वयामुळं आसंल," ती म्हणाली.

दादा नाही म्हणत होता. रानात पाणी द्यायचंय, उद्या बघू, पुढच्या आठवड्यात बघू. मी त्याच्याशी भांडले. तो मोठा, त्याच्यासमोर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. शेवटी ह्यांनी त्याची चप्पल आणून त्याच्या पायांपुढं ठेवली. "उद्या सकाळी उपाशीपोटी शिरूरला. आम्ही आज इथंच राहतो," हे म्हणाले.

सकाळी आठला दवाखान्यातल्या लॅबमध्ये रक्त दिलं आणि तिथल्याच डॉक्टरांकडे नंबर लावला. रिपोर्ट दुपारी मिळाला. दादाला वाचायला चष्मा लागतो, तो घरी राहिला होता, म्हणून कागद माझ्याकडे आला. मी आकडा बघितला आणि त्याच्याकडे बघितलं. तो बाकावर सरळ बसला होता, हात गुडघ्यांवर.

"किती हाय?"

"माझ्यापेक्षा जास्त, दादा."

त्यानं आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "आईगत व्हईल का गं?"

नाही होणार, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात थांबले. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण आता कळलंय ना. आईला लई उशिरा कळलं होतं."

"मग आता काय खायाचं, काय न्हाई, तू सांग."

"खाण्याचं नंतर. आधी डॉक्टर. ते गोळी देतील. पोट बिघडलं, चक्कर आली, काहीही झालं तरी आधी फोन करायचा आन् मग ठरवायचं. लपवायचं न्हाई."

"न्हाई लपवत," तो म्हणाला.

डॉक्टरांच्या खोलीतून दादाचं नाव पुकारलं. दादा उठला, दोन पावलं गेला आणि मागं वळला. या माणसानं मला कधी हातातली पिशवीसुद्धा धरू दिली नव्हती. त्यानं रिपोर्टचा कागद माझ्याच हातात राहू दिला.

"आत येतीस ना?"

"येते," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं आत गेलो.